मोहाखालचा जाळ

ब्रह्मपुरीच्या ज्या टोकाला आमची वस्ती आहे, तिथला रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही बाजूंची झाडं गेली. एक मोह तेवढा उरला, तोही वस्तीतल्या बायका त्याच्या बुंध्याला पाठ लावून बसल्या म्हणून. रस्ता छान गुळगुळीत झाला आणि उन्हाळ्यात त्यावर पाऊल ठेवणं मुश्किल झालं. आमच्याकडच्या उन्हाबद्दल बाहेरचे लोक कौतुकाने बोलतात, जणू ते सोसणं हा आमचा काही पराक्रम आहे. आम्ही खिशात कांदा ठेवतो, दारं लावून घेतो आणि मुकाट बसतो, एवढंच.

समोरच्या घरातल्या ताईंचे यजमान याच रस्त्यावर गेले. मे महिन्यात भर दुपारी वडशाच्या बसमधून उतरले, ऑटो मिळाला नाही म्हणून पायी निघाले आणि घर दिसायला लागल्यावर कोसळले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांना पाहिलं होतं. पिऊन पडला असेल असं समजून लोकांनी बाजूने गाड्या काढल्या. ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही, तो दारुडा ठरून तापल्या डांबराच्या कडेला पडून राहिला. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. हे कळलं तेव्हा मला रडूच आलं नाही. नुसता संताप आला आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मरणविधीच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पानं वाढायला घेतली, तेवढ्यात ताई उठल्या. करंजाचं एक रोप त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. ते घेऊन त्या सरळ रस्त्यावर गेल्या आणि यजमान जिथे पडले होते तिथे कडेला खड्डा करू लागल्या. मुरूम दाबून टणक झालेली जागा ती, लोखंडी सब्बल मारली तरी ठणठण आवाज येई. मग पंगत तशीच टाकून आम्ही सगळे हात लावायला गेलो.

तिथून वस्तीला झाडांचं वेडच लागलं. रस्त्याची ती उघडी पट्टी आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत खणली. करंज, कडुनिंब, जांभूळ, जे मिळेल ते लावलं. जनावरं खाऊ नयेत म्हणून हिरवी जाळी गुंडाळली. भांडी धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं कडेला जाऊ लागलं. माती थंड राहावी म्हणून धानाचं तणस, वाळका पेंढा, आणून रोपांभोवती जाड अंथरलं, आणि रोपारोपांमधल्या जागेतही. ज्या बायका एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या त्या एकाच बादलीला हात लावू लागल्या. मी मास्तरीण, मला सभा-समित्यांचा मनस्वी कंटाळा, पण इथे सभा नव्हतीच, नुसतं काम होतं.

पहिला उन्हाळा रोपांनी कसाबसा काढला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ताईंचा करंज त्यांच्या डोक्याच्या वर गेला. भाजीवाली त्याच्याखाली टोपली टेकवून घाम पुसू लागली. एका माणसापुरतीच सावली होती, पण ताई रोज खिडकीतून बघायच्या, कोणी थांबलंय का. कोणी थांबलेलं दिसलं की पाणी घेऊन जायच्या. त्यांचं त्या झाडात काय गुंतलं होतं हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

माहीत नव्हतं ते माझ्या आईला. गडचिरोलीच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या गावात ती एकटीच राहायची. मागच्या हिवाळ्यात मी तिला जवळजवळ ओढूनच आणलं. इथलं तिला काही पटत नसे. नळाचं पाणी फिकं, शेजारणींचं बोलणं गोड, म्हणजे नक्की काहीतरी लबाडी. आणि रस्त्यावरचं तणस पाहून तर ती रोज माझा जीव काढायची. ढोरांच्या तोंडचा चारा मातीत घालणारी माणसं तिने जन्मात पाहिली नव्हती. एकच गोष्ट तिला आपली वाटली, तो मोह. फुलं गळायला लागली तशी ती तांबडं फुटायच्या आत टोपली घेऊन जायची. घरभर गोड उग्र वास सुटला. मला बरं वाटलं, म्हातारीचा जीव रमला म्हणून.

त्या दिवशी माझी सकाळची शाळा होती. सुटल्यावर स्कूटी वळवली आणि वस्तीच्या तोंडाशीच धूर दिसला. पुढे गेले तर रस्त्याची एक बाजू काळी. पूर्ण काळी. जाळ्या वितळून खोडांना चिकटलेल्या, कडुनिंबांच्या काड्या उभ्या, पोरं-बाया बादल्या घेऊन शेवटची धग विझवत होत्या. मला काही सुचेना. स्कूटी उभी करायचीही शुद्ध राहिली नाही, ती तशीच आडवी झाली. आणि मोहाखाली माझी आई उभी, हातात पळसाची अर्धी जळालेली डहाळी, मनगटापर्यंत हात लाल.

क्षणात सगळं कळलं, आणि कळलं तेच भयंकर वाटलं. आमच्या गावी मोहाखालचा पाचोळा जाळतात. जमीन काळी आणि साफ झाली की पहाटे पडलेलं पिवळं फूल लांबून दिसतं, वेचायला सोपं जातं. हिरव्या डहाळीने जाळ मारत मारत गोलात ठेवतात. लहानपणी मीही मारलाय. आईने तेच केलं होतं. फक्त गावच्या मोहाला लागून कोणी कोरड्या तणसाची लांबच लांब गादी अंथरत नाही. वारा सुटला आणि जाळ तिच्या हातातून पळाला.

"पाचोळ्यात फुलं दिसत नव्हते," ती म्हणाली. "आपल्या गावात सारेच जाळतेत."

मी तिच्यावर ओरडले. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. त्या करंजाच्या जागी समोरच्या ताईंचा माणूस मेला होता, हे तिला मी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. आईने करंजाकडे पाहिलं. पाच हात उंचीचं कोळपलेलं काटूक. हातातली डहाळी तिने खाली टाकली.

मी यायच्या आधीच ताई बाहेर येऊन बघून गेल्या होत्या, असं शेजारणीने सांगितलं. ताईंनी आत जाऊन दार लावून घेतलं. मी कडी वाजवली, उघडली नाही. आईच्या हाताला मलम लावलं, तिला निजवलं, आणि मीही डोळे मिटून पडले.

दुपारी जाग आली तर खाट रिकामी. टोपली जागेवर, चप्पल नाही. बाहेर ऊन नुसतं ओतत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आई करंजापाशी होती. उघड्या डोक्याने, भाजलेल्या हातात घागरीएवढा गुंड धरून बुंध्याशी पाणी टाकत होती. माझ्या घरापासून तिथपर्यंत तिने किती खेपा केल्या होत्या कोण जाणे. सगळी पट्टी ओली झाली होती.

मी तिला घरी चल म्हटलं. ती हलेना. हाताला धरून ओढलं तर तिने झटकला, आणि तेवढ्याने तिचा तोल गेला. मी सावरलं तेव्हा कळलं की तिचं अंग चटके बसण्याइतकं तापलंय आणि तिला घाम येत नाहीये.

"पालवी फुटते का पायतो," ती पुटपुटली.

समोरचं दार उघडलं. ताई आल्या त्या जवळजवळ धावतच. डोक्यावरचा ओला दुपट्टा त्यांनी ओढून काढला आणि आईच्या डोक्याभोवती घट्ट गुंडाळला. आईने त्यांच्याकडे पाहायचा प्रयत्न केला. त्यांनी नजर दिली नाही, माझ्याकडेच बघत राहिल्या.

"घेऊन जा बाई तुमच्या मायले," त्या म्हणाल्या. "मी तिच्यासंग बोलणार नाई. पण या जागी अजून कोणी पडलेलं मले पाहावणार नाई."

मी आईला कमरेत धरून चालवत नेलं. दारातून मागे वळून पाहिलं तर ताई तिथेच होत्या. आम्ही आत जाईपर्यंत त्या उन्हात उघड्या डोक्याने उभ्या राहिल्या.