न चाखलेला घोट

थेंबे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. एकवीस वर्षं हॉटेलात वाइन वाढली आणि टेबलावरच्या कापडावर एकही थेंब सांडला नाही, म्हणून आचाऱ्यांनी ते ठेवलं होतं. घरी मात्र या गृहस्थांनी पाण्याचा पेलासुद्धा कधी स्वतःच्या हाताने भरून घेतला नव्हता.

पानगळीच्या मोसमात हॉटेलात फ्रेंच वाइनचं जेवण ठरलं. चौदा पाहुणे, पाच पदार्थ, पाच वाइन. भाजलेल्या भोपळ्याच्या सूपापासून सुरुवात, मग लोण्यात परतलेली अळंबी वगैरे, आणि चौथा पदार्थ बदक. बदकाबरोबर फ्रान्सच्या बोर्दो भागातली एक जुनी, दुप्पट मोठी बाटली. अकरा वर्षांपूर्वी मालकीणबाईंनी ती थेंबेंच्या शब्दावर घेतली होती. "ठेवू या, मुरेल," असं थेंबे म्हणाले होते, आणि तेव्हापासून ती तळघरात आडवी पडून होती. आज ती चांगली निघाली तर शब्द राहणार होता. नाही निघाली तर काय, हा विचार त्यांनी अकरा वर्षं टाळला होता.

नेमकी त्याच संध्याकाळी त्यांची बायको पहिल्यांदा त्यांचं काम बघायला आली. मालकीणबाईंनी तिला स्वयंपाकघराच्या दाराजवळचं लहान टेबल दिलं. जेवण मिळेल, पण वाइन मोजकी आहे, हेही सांगून टाकलं. बायकोची काही तक्रार नव्हती. तिला बघायलाच भरपूर होतं. आपला नवरा एक हात पाठीमागे घेऊन वाकत होता, आणि परक्या बाईचा ग्लास बोटभर रिकामा झालेला त्याला हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होता. घरी याच माणसाला ताटासमोरचं मीठ दिसत नसे. तिने सूप संपवलं आणि मनाशी नोंद केली.

बाटली उघडली की पहिला घोट वाढणाऱ्याचा. हे लाड नव्हेत, काम आहे. वाइन बिघडली असेल तर ते पाहुण्याआधी त्याला कळायला हवं. एरवी थेंबेंना नुसत्या वासावर कळायचं, पण दोन दिवस सर्दीने नाक चोंदलं होतं, त्यामुळे सगळी भिस्त जिभेवर होती. पहिल्या तीन बाटल्यांचे घोट त्यांनी नेमाने घेतले. जुन्या बाटलीचा घोट ग्लासात घेतला, तोंडाशी नेला, आणि त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. बायको पाणी पीत होती. अकरा वर्षं तिने या बाटलीचं पुराण मुकाट्याने ऐकलं होतं. हा घोट तिचा, असं थेंबेंनी ठरवलं; दुसरा काढण्याएवढी वाइन नव्हती. त्यांनी तो घोट तसाच बाजूला झाकून ठेवला आणि न चाखता चौदा ग्लास भरले.

हॉलमध्ये माना डोलल्या. दातांच्या डॉक्टरांना वाइनच्या चवीत ओली पानं सापडली, त्यांच्या शेजारणीला जुनं चामडं. चामडं सापडल्यावर मग ते सगळ्यांनाच सापडलं. थेंबे भरून पावले आणि झाकलेला ग्लास घेऊन कोपऱ्यात गेले.

"आपण चाखून बघावं," ते सवयीने म्हणाले.

आपण म्हणजे कोण, हे बघायला बायकोने मागे वळून पाहिलं. मग प्यायली.

"कसं वाटलं?"

"आंबलंय हो."

"जुनी वाइन तशीच लागते."

"घरात काय आंबलं, काय नाही, ते रोज मीच बघते ना? हे आंबलंय. घ्या, तुम्हीच बघा."

ग्लासात थोडी उरली होती. थेंबेंनी चाखली. ते चक्क व्हिनेगर होतं.

मालकीणबाईंना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. "काही बोलू नका," त्या कुजबुजल्या. "मंडळी खूश आहेत."

 बायको फक्त बघत होती. थेंबे हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"मंडळी, ही वाइन बिघडलेली आहे. बाटली माझ्या सांगण्यावरून ठेवली होती, आणि आज मी ती न चाखता वाढली. चूक माझी आहे."

माना डोलायच्या थांबल्या.

"मला वाटलंच होतं," दातांचे डॉक्टर म्हणाले. त्यांचा ग्लास रिकामा होता.

थेंबे ग्लास गोळा करू लागले. अकरा वर्षांचा शब्द गेला होता आणि त्यांना रडू येत होतं. ते सर्दीच्या नावावर खपलं. तेवढ्यात बायको उठली, पदर खोचला आणि दुसऱ्या टोकापासून ग्लास उचलायला लागली.

"तुम्ही इथे नवीन का?" चामडंवाल्या बाईंनी तिला विचारलं.

"नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी यांची बायको."