होडीतला सदरा

भोंगावहिनी नवऱ्याला आधी दिसली नाही, ऐकू आली. तळ्याच्या काठावरून तिने "मासे घ्या हो, मासे!" अशी एकच आरोळी ठोकली, आणि भर पाण्यात होडीवर बसलेल्या त्या तरुणाला वाटलं, वादळ आलं. जाळं अर्धवट टाकून तो जीव मुठीत धरून काठाला लागला. त्या दिवशी उडालेले बगळे अजून परतलेले नाहीत म्हणतात. तो मात्र कुठे जाणार? त्याने त्या आवाजाशी लग्नच केलं.

त्याने पकडायचे, तिने विकायचे, असा संसार चालला. पुढे बर्फाचे ट्रक थेट धक्क्यावर यायला लागले. होडीतली टोपली तशीच ट्रकात जाऊ लागली आणि आरोळीला गिऱ्हाईक उरलं नाही. त्यातच नवऱ्याचा खांदा निकामी झाला, छातीत दम्याने बिऱ्हाड थाटलं. मग तिने पदर खोचला आणि वल्हं हातात घेतलं.

पण तळ्यावरचा रिवाज असा, की खोल पाण्यात प्रत्येक घराला जाळ्यासाठी एक जागा. आणि होडीत घरचा पुरुष असेल तरच ती त्या घराची. म्हणून ती रोज नवऱ्याला उचलून होडीत ठेवायची. तो टोपी घालून ऐटीत बसायचा आणि खोकत हुकूम सोडायचा, "डावीकडे घे!" ती उजवीकडे घ्यायची. जाळं भरायचं.

"बघ, माझं ऐकलंस म्हणून!"

"तर काय! तुम्ही नसता तर मासे रुसले असते."

मग डॉक्टरांनी त्याला अंथरुणावरून उठायलाच मनाई केली. तिने त्याचा सदरा आणि टोपी बांबूला चढवली, बांबू होडीत उभा केला आणि निघाली. आधी सगळे हसले. मग एक दिवस कोळ्यांच्या म्होरक्याने होडी आडवी घातली.

"वहिनी, सदरा श्वास घेतो का?"

"अहो, यांना तरी कुठे घेता येतोय!"

हसू पिकलं, पण संध्याकाळी धक्क्यावर बैठक बसलीच.

"जाळं कोण टाकतं?" तिने विचारलं.

"तुम्हीच."

"ओढतं कोण?"

"तुम्हीच, वहिनी. नाही कोण म्हणतंय?"

"मग जागा माझी का नाही?"

आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत गेला. ऐकू आलं नाही असं कुणी म्हणूच शकत नव्हतं. म्होरक्या टाचेने माती उकरत म्हणाला, "रिवाज आहे, वहिनी. आता घरचा पुरुष म्हणजे पुतण्या, जागा त्याची." नवऱ्याचा पुतण्या, ज्याला होडी हलली तरी मळमळायचं, खाली मान घालून पुटपुटला, "काकू, मी मागितली नव्हती हो."

"ठाऊक आहे रे," ती म्हणाली. भांडायला समोर कुणी वाईट माणूससुद्धा नव्हता.

आता त्या जागेवर पुतण्याचं जाळं असतं. भोंगावहिनी काठावर बसून त्याचे मासे साफ करते.