पडद्यांचा डोंगर

टाचणी कपडे लहान-मोठे करून द्यायची. पँट लांब झाली, पडदा आखूड करायचाय, कोटाचं अस्तर फाटलंय, की लोक तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत चढायचे. दातांत सदा टाचण्या धरलेल्या, अंगानंही तशीच, म्हणून टाचणी. खरं नाव तिचं तिला आठवत असेल तर असेल.

घरात ती आणि तिचे वडील, अप्पा. अप्पा जन्मभर पोस्टमन. सगळं शहर त्यांच्या पायाखालचं. कुठल्या गल्लीत कुत्रं अंगावर येतं, कुठल्या दारामागच्या म्हातारीला पत्र वाचून दाखवावं लागतं, सगळं तोंडपाठ. टाचणीनं शहर पाहिलं ते बहुतेक अप्पांच्या तोंडून. मग एकदा ती गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला गेली आणि इकडे अप्पा न्हाणीघरात घसरले. खुबा मोडला. ती परत येईपर्यंत गार फरशीवर पडून हाका मारत होते, कुणाला ऐकू गेलं नाही. डॉक्टरांनी खुबा जोडून दिला, पण अप्पांच्या मनात जी भीती बसली तिला कुठून प्लास्टर आणणार?

तेव्हापासून टाचणीचं बाहेर जाणं म्हणजे दूध, भाजी, औषध आणि पाव. तेवढ्यातही अप्पा खुर्चीत बसून जिन्याकडे कान लावून असायचे. ती दारात आली की म्हणायचे, आज दुकानात गर्दी होती वाटतं. रागानं नाही हं. रागानं म्हणाले असते तर दोन हात करता आले असते. ओरडणाऱ्याशी भांडता येतं, घाबरलेल्याशी कसं भांडणार? ती पायऱ्या दोन-दोन करून चढायची आणि वर आल्यावर धाप लपवायची.

भाऊ होता, नाही असं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, ठेवणीतल्या शालूसारखा घडी घालून ठेवलेला, गरजेला कधी बाहेर निघायचा नाही. अप्पांना काही झालं तर कळवायला म्हणून त्यानं आपला जुना फोन बहिणीला दिला होता. भावाला कळवण्यासारखं रोज काय असणार? टाचणी त्या फोननं फोटो काढायला लागली. मशीनचं चाक, रिळं, खिडकीच्या गजांची सावली.

कोपऱ्यावरच्या बेकरीत भिंतीवर फोटो चिकटवलेले असायचे. पाव घेता घेता तिची नजर तिथंच अडकायची. बेकरीवाला मितभाषी माणूस, पण त्यानं ते हेरलं. एकदा पाव बांधता बांधता तिच्या फोनमधला एक फोटो पाहिला आणि विचारलं, आमच्या मंडळीत येता का? मंडळी फोनवरचीच. बेकरीवाला, एक बँकवाली, आणि सगळ्यांचे म्होरके म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले सर. नियम असा की प्रत्येकानं रोज एक फोटो टाकायचा, तो त्याच दिवशीचा, शिळा चालणार नाही. आणि दुसऱ्याच्या फोटोखाली दोन गोष्टी लिहायच्या. एक चांगलं, एक कमी. नुसतं छान छान लिहून पळायचं नाही आणि नुसती नावंही ठेवायची नाहीत.

तिनं पहिला फोटो टाकला टाचण्यांच्या उशीचा. सरांनी लिहिलं, चांगलं म्हणजे सावल्या, कमी म्हणजे मागचा पसारा. तिला जन्मात कुणी पसाऱ्याबद्दल इतक्या मायेनं बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं मागं पांढरं कापड धरलं. सर म्हणाले खाली वाकून काढ, ती फरशीवर आडवी झाली. अप्पांनी हाक मारून विचारलं, काय पडलं गं? ती म्हणाली, मीच. आणि एकटीच हसत सुटली.

आता घोटाळा झाला तो असा. एका हॉटेलचे पडदे आखूड करायला आले होते, राखाडी-निळे, खोलीभर ढीग. सकाळी ऊन खिडकीतून तिरकं आलं, ढिगाच्या मागून. हवेत कापडाचे बारीक तंतू उडत होते. टाचणी आडवी पडून बघते तर काय, डोंगरामागं डोंगर, मध्ये धुकं. तिनं फोटो काढला आणि टाकला. वर काही लिहिलं नाही. लिहायचं असतं हेही तेव्हा सुचलं नाही.

बँकवालीनं लिहिलं, किती शांत जागा. सरांनी लिहिलं, चांगलं म्हणजे धुकं, कमी म्हणजे डोंगराचा पायथा दिसत नाही. आणि खाली विचारलं, कुठला हा डोंगर?

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण सकाळपासून रात्रीपर्यंत चार भिंती बघणाऱ्या बाईला कुणीतरी विचारलं होतं की कुठं जाऊन आलीस. तिला तो प्रश्न मोडवेना. तिनं लिहिलं, घराजवळचाच आहे.

दुरून डोंगर साजरे म्हणतात, हा तर जवळूनही साजरा निघाला. तिला गंमत वाटली. मग चादरीच्या सुरकुत्या झाल्या वाळवंट, चहाच्या कपातली साय झाली गोठलेलं तळं. मंडळी म्हणायला लागली, ही भारी भटकी आहे. आणि एक दिवस सरांनी ठरवून टाकलं, येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी टाचणीच्या डोंगरावर जायचं, आपण अजून एकमेकांना धड पाहिलेलंसुद्धा नाही. बेकरीसमोर जमू, तिथून ती नेईल.

आता टाचणीची पंचाईत. इकडे आड, तिकडे विहीर. दोन दिवस ती मशीनवर उलट्या टिपा घालत होती. पण खरी गोष्ट सांगायची तर तिला भीती खोटेपणाची नव्हती. तो तिनं मनात निस्तरला होता. बेकरीसमोर उभं राहायचं, म्हणायचं, डोंगर पडद्यांचा होता हो. हसतील. सर जरा चिडतील. पण एवढी तयारी करून आलेली माणसं घरी थोडीच परत जातील, कुठंतरी नेतीलच. नदीवर, माळावर, कुठंही. तिला जागेचं काही नव्हतं. तिला एक अख्खी सकाळ हवी होती, धावत जिना न चढता, आणि तीच मिळणार नाही ही भीती होती. बस्स.

तिनं भावाला फोन केला. सकाळपासून दुपारपर्यंत अप्पांजवळ बस म्हणाली. जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. तो म्हणाला, एवढंच ना, येतो की. तिनं माळ्यावरून बूट काढले. भावजयीला घट्ट झाले म्हणून कधीकाळी मिळालेले, खोक्यातच होते. पुसले, नाड्या ओवल्या. अप्पांनी खुर्चीतून पाहिलं. विचारलं, लांब जायचंय का? ती म्हणाली, नाही हो, इथंच. पुन्हा ते घराजवळचंच.

रविवार उजाडला. तिनं अप्पांची आंघोळ उरकली, पाण्याचा तांब्या, औषध, काठी, सगळं हाताशी ठेवलं. दाराशी स्टुलावर बसून बूट घातले. आणि फोन वाजला. भाऊ म्हणाला, बायकोकडची माणसं अचानक दारात उभी आहेत, कसं निघू? पुढच्या रविवारी बघू. वर म्हणाला, "आणि फोटोच काढायचेत ना गं, खिडकीतून काढ."

ती तशीच बसून राहिली. अप्पांनी सगळं ऐकलं होतं, कान तिखट त्यांचे. मग म्हणाले, "तू जा. मी या खुर्चीतून हलत नाही. पाणीसुद्धा पीत नाही, म्हणजे उठायचा प्रश्नच नको."

मनापासून म्हणाले हो. डाव टाकला असता तर तिनं ओळखला असता. पण म्हातारा माणूस खरोखर तहानलेला बसून राहील, हे तिला दिसलं आणि तिचं जाणं तिथंच राहिलं.

ती उठून खिडकीशी गेली. खाली बेकरीसमोर तिघं जमले होते. वरून चेहरे नाही, टोप्याच दिसत होत्या. सरांच्या पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा, हातात डोंगर चढायची काठी. बँकवाली सारखी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत होती, टाचणी कुठून येते म्हणून. वर कुणी बघेना. वर बघायचं कारणच काय?

सांगायचं कसं? मग तिनं तेच केलं जे ती रोज करायची. पडद्यांचा उरलेला ढीग खिडकीशी ओढला. या वेळी वाकली नाही, उभ्यानं फोटो काढला. त्यात ढीग, त्यावर कात्री, मोजायची टेप, बाजूला मशीनचं चाक आणि कोपऱ्यात अप्पांची काठी. खाली लिहिलं, हाच तो डोंगर, पडद्यांचा आहे, मला खाली येता येत नाही. आणि पाठवला.

खाली तिघांच्या टोप्या एकदम वाकल्या. वर हिचा फोन वाजला. सरांनी लिहिलं होतं, चांगलं म्हणजे बाजूचा उजेड. कमी म्हणजे कात्रीमुळं डोंगराचा भास जातो, कात्री काढ. मागोमाग बँकवाली, काठी छान आली आहे, पण फार कोपऱ्यात आहे, जरा आत घे.

आता बोला. बाई गळ्याशी आलंय म्हणून सांगतेय आणि ही माणसं उजेड बघतायत. वाईट नव्हती ती. हाताला सवय लागली होती. फोटो दिसला की आधी चांगलं, मग कमी, शब्द वाचायचे ते शेवटी, वाचले तर. टाचणीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

बेकरीवाल्यानं काहीच लिहिलं नव्हतं. त्यानं फोन खिशात घातला, मान वर केली आणि एकेक खिडकी बघत बघत त्याची नजर तिच्या खिडकीशी येऊन थांबली.

थोड्या वेळानं अप्पा म्हणाले, "जिन्यात तिघं आहेत. एकाला दम लागलाय. आपल्याकडेच येतायत." पोस्टमनचा कान, चुकायचा नाही.

सर दारात आले ते भिंत धरूनच. ढिगाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. टाचणी माफी मागायच्या तयारीत. पण त्यांनी पिशवी टाकली आणि पोटावर पालथे पडून पडद्यांचा फोटो काढायला लागले. म्हणाले, फसवलंस, पण काय फसवलंस गं. मग सगळेच हसले. बँकवाली चादरीचं वाळवंट शोधत फिरली. कुणीतरी अप्पांना खिडकीच्या उजेडात बसवलं, आणि अप्पा बोलायला लागले. गल्ल्या, कुत्री, पत्र वाचून घेणारी म्हातारी. एका कुत्र्याला चुकवायला त्यांनी टपाल दोरीला बांधून खिडकीतून वर कसं चढवलं, हे सांगताना स्वतःच खोकेपर्यंत हसले. पडल्यापासून असे हसले नव्हते. टाचणी आत चहा टाकत होती, ऐकत होती. खोटं कशाला बोलू, तिलाही बरं वाटलं. वाटलं, गाठ सुटली.

ट्रे घेऊन ती बाहेर आली तेव्हा अप्पा म्हणत होते, "दर रविवारी इथंच या की. आता हिला कुठं जायची गरजच नाही."

सरांना ते फारच पटलं. उजेड सुरेख आहे म्हणाले, आणि त्यांच्या गुडघ्यांना डोंगर नकोच होते. बँकवाली म्हणाली, पुढच्या वेळी बिस्किटं ती आणेल. कुणी कुठं बसायचं हेसुद्धा ठरलं. टाचणी ट्रे धरून मध्ये उभी होती, सगळे तिच्या हातून कप उचलत होते, आणि तिला विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. किती मायेनं चाललं होतं सगळं. वाईट माणसांनी कोंडलं तर दारावर लाथ मारता येते. इथं कुणाला लाथ मारायची?

संध्याकाळी सगळ्यांचे फोटो आले. सरांचा पडद्यांचा डोंगर. बँकवालीचा अप्पांचा चेहरा, एकेक सुरकुती बोलणारी. बेकरीवाल्याचा सर्वांत शेवटी. त्यात अप्पा हात उडवून सांगतायत, दोघं हसतायत, आणि मागं स्वयंपाकघराच्या दारात टाचणी उभी, ट्रे घेऊन. पायांत बूट.

तिनं खाली पाहिलं. बूट अजून पायांतच होते. घरात बूट घालून वावरायची तिची रीत नव्हती, पण सकाळपासून तशीच फिरत होती आणि कुणी काही बोललं नव्हतं. बोललं नव्हतं, पण एकानं पाहिलं होतं.

सरांनी आणि बँकवालीनं लिहून टाकलं होतं. चांगलं म्हणजे अप्पांचे हात. कमी म्हणजे मागची बाई जरा अस्पष्ट आली आहे. आता तिची पाळी होती. तिनं बराच वेळ फोन धरून ठेवला. मग लिहिलं, चांगलं म्हणजे फोटो खरा आहे. कमी म्हणजे बुटांना धूळ लागलेली नाही.

बेकरीवाल्याचं उत्तर लगेच आलं. त्यात एवढंच होतं, कमी मान्य.

तिनं नाड्या सोडल्या. बूट खोक्यात घातले नाहीत, माळ्यावर टाकले नाहीत. दाराशी ठेवले, तोंड बाहेर करून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत येतील असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी खुर्चीतून ते पाहिले. बराच वेळ पाहिले. मग हळू विचारलं, "ते वर ठेवायचे राहिले का गं?"

टाचणीनं हॉटेलचा पडदा मांडीवर ओढला. "नाही," म्हणाली, "तिथंच ठेवलेत."

"लागणार आहेत का?"

तिनं टाचण्या दातांत धरल्या आणि मशीनचं चाक फिरवलं. दातांत टाचण्या असताना ती कधी बोलत नसे, हे अप्पांना ठाऊक होतं. त्यांनी परत विचारलं नाही. पण त्या दिवशी त्यांचा कान जिन्याकडे नव्हता, दाराशी होता, त्या बुटांपाशी.