फ्लॉपीत मावलेली यशू

साताऱ्याच्या एस.टी. स्टँडमागच्या डीटीपी सेंटरात आम्रपाली चार वर्षं लग्नपत्रिका जुळवत होती; पण त्या आठवड्यात तिनं एका नवरदेवाचं आडनावच गाळलं. टेबलाच्या खणात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, सासूची फ्रेम गुंडाळून ठेवलेली होती.

फ्रेम बनाबाईंनी आपण होऊन दिली होती. पंचवीस वर्षांपूर्वी स्टुडिओत काढलेला फोटो. खुर्चीवर बनाबाई, शेजारी नऊ वर्षांची यशोधरा, आईच्या खांद्यावर हात ठेवून. पुढच्याच महिन्यात पोर विषमज्वरानं गेली. तिचा दुसरा फोटो नाही. यंदा भिंतीला ओल आली, बुरशीचे ठिपके यशूच्या फ्रॉकपर्यंत पोचले, तेव्हा म्हातारी म्हणाली, "तुझ्या त्या मशिनीत घाल बाई हिला. आन् चांगली मोठी करून आण. मला आता बारीक दिसत न्हाई."

एरवी ही सासू शेजारणीला सांगायची, "आमच्या सूनबाईला काचंम्होरं बसायचा पगार मिळतोय." आम्रपालीला त्या दिवशी मान मिळाल्यासारखं वाटलं.

तिनं आधी काचेसकट स्कॅन केलं. मग वाटलं, काच काढली तर आणखी स्वच्छ येईल. ओलीनं फोटो काचेला चिकटला होता. तिनं कागद ओढला, आणि यशूचा चेहरा पापुद्र्यासारखा काचेवरच राहिला. कागदावर बनाबाई जशाच्या तशा. शेजारी फ्रॉक, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. घाबरून तिनं काच ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

मशीनमध्ये पोर शाबूत होती, तेवढाच धीर. घरी तिनं सांगितलं, मोठा फोटो होईपर्यंत फ्रेम दुकानात लागणार.

मोठा फोटो छापणारं यंत्र सांगलीला नाथाजींच्या स्टुडिओत होतं. न्यायचं फ्लॉपीवर. फाइल तीन एमबीची, फ्लॉपी दीडचीही नाही. मालक नानासो मागून म्हणाले, "ताई, घरचं सामान हार्डडिस्कवर किती दिवस? जागा न्हाई. गणपतीचं करतो तसं करा की. बहात्तर टाका, झालं."

पत्रिकेवरचा नखाएवढा गणपती ती रोज असाच लहान करायची. तिनं इंचाला तीनशे ठिपक्यांच्या जागी बहात्तर टाकलं. आधी फोटो पडद्यावर मावत नव्हता, एका वेळी यशूचा नुसता डोळा नाहीतर कान दिसायचा. आता मायलेकी अख्ख्या दिसल्या, उलट जास्तच रेखीव. आम्रपालीनं समाधानानं त्याच नावावर सेव्ह केलं.

सांगलीपर्यंतच्या एस.टी.त फ्लॉपी तिनं लोखंडी दांडीला लागू नये म्हणून मांडीवर धरली.

नाथाजींनी फोटो भिंतीच्या मापाला ताणला. पडद्यावर फरशांसारखे करडे चौकोन उमटले.

"ताई, ह्यात पोरगी कुठंय?"

"हाय की. पडद्यावर चांगली दिसत होती."

"पडद्याला एवढंच लागतं. कागदाला पुरत न्हाई. मूळ फाइल आणा."

"तीच ही. त्याच नावावर, जुनीच्या जागी..."

नाथाजींनी माऊसवरचा हात काढला. "दीडशे ठेवलं असतंत, तरी फ्लॉपीत बसलं असतं." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "काढलेलं परत येत न्हाई, ताई. लहान छापून देतो. लहानात दिसंल."

आगपेटीएवढ्या फोटोत यशू खरंच स्वच्छ दिसली.

संध्याकाळी बनाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. भिंतीवर त्यांनी मोठ्या फोटोसाठी नवा खिळा ठोकून घेतला होता. आम्रपालीनं तो इवलासा कागद हातावर ठेवला. म्हातारीनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"ही मी का यशी?"

"डावीकडं तुमी, आत्या. यशूताई उजवीकडं."

"मोठा कवा?"

आम्रपालीनं दुकानातनं आणलेला लुगड्याचा तुकडा सोडला. बिनकाचेची फ्रेम पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. काचेचं, फ्लॉपीचं, बहात्तरचं. बहात्तरचं सांगून काही उपयोग नव्हता, तरी सांगितलं.

बनाबाईंचं बोट खुर्चीवरच्या स्वतःच्या चेहऱ्यावरनं सरकत खांद्यावरच्या लहान हातापर्यंत गेलं, दंडावरनं वर चढलं आणि पांढऱ्या डागापाशी थांबलं.

"काचंवर राहिली म्हणालीस न्हवं?"

"व्हय."

"मग काच आण. तशीच लावू. कागुद मागनं लावला की जागच्या जागी बसंल ती."

आम्रपाली लुगड्याच्या तुकड्याची घडी घालायला लागली.

"आणतीस न्हवं?"

"आत्या, मी ती पुसली."

बनाबाईंनी मान वर केली नाही. लहान फोटो त्यांनी चंचीत, सुपारीच्या कप्प्यात ठेवला आणि दोरी आवळली. मग उठून भिंतीशी गेल्या, नवा खिळा चाचपला आणि हातानंच हलवून हलवून सैल करायला लागल्या.