घरी बोलणारी मुलगी

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात ती कामाला होती. वरच्या वॉर्डांतून चादरी, अभ्रे आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे झगे गाड्या भरभरून खाली यायचे, धुऊन पिळून निघायचे आणि मग तिच्यापुढच्या गरम रुळांच्या यंत्रात जायचे. ती आणि तिची जोडीदारीण चादरीची दोन टोकं धरून आत सोडायच्या. पलीकडून चादर कडक होऊन बाहेर पडायची. यंत्रांची घरघर एवढी की शेजारणीला काही सांगायचं तरी घसा ताणावा लागे. तीच सवय घरातही. नवरा म्हणायचा, "अगं, मी इथेच बसलोय, शेजारच्या गल्लीत नाही."

नवरा रंगारी होता. झुल्यावर बसून इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायचा. माणूस अबोल. चार शब्दांचं काम दोन शब्दांत उरकणारा. मुलगी मात्र आईच्या वळणावर गेली होती. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. बाप तिला लाडाने 'रेडिओ' म्हणायचा.

म्हणून तिसरीच्या वर्गशिक्षिकेने बोलावून घेतलं, तेव्हा आईला वाटलं, वर्गात फार बडबड करत असणार.

"बसा," बाई म्हणाल्या. वयाने तशा लहानच होत्या, नोकरीचीही पहिलीच दोन-तीन वर्षं असावीत. "तुमच्या मुलीला नीट ऐकू येतं ना?"

"म्हणजे?"

"अर्धं वर्ष सरलं. मी अजून तिचा आवाज ऐकलेला नाही. हजेरीला नुसता हात वर करते. मधल्या सुट्टीतही कुणाशी बोलत नाही."

आईला हसूच आलं. "बाई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. दुसऱ्या कुणाची असेल. आमची कार्टी तर कान किटवते."

घोटाळा नव्हता. आधीच्या दोन्ही वर्षी 'लाजाळू आहे' एवढं म्हणून तिला वरच्या वर्गात ढकललं होतं. आता मुख्याध्यापिका मध्ये पडल्या होत्या. तोंडी परीक्षा दिली नाही तर ही मुलगी आमच्या शाळेत चालणार नाही, तुम्ही वेगळी शाळा बघा, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

आईच्या पायाखालची वाळू सरकली. त्या संध्याकाळी तिने पोरीला जवळ घेतलं, समजावलं. नव्या चपलांचं आमिष दाखवलं. मग धाक घातला. एका सकाळी शाळेच्या फाटकात "बाईंना नमस्ते म्हण" असं दहादा सांगूनही पोर ओठ घट्ट मिटून उभी राहिली, तेव्हा आईचा हात उठला. येणारे-जाणारे पालक थबकले. पोर रडली, पण तेही आवाज न करता.

घरी आल्यावर तिनेच आईची समजूत काढली. "आई, शब्द येतात गं. इथपर्यंत येतात." तिने गळ्यावर बोट ठेवलं. "मग तिथे दार लागतं."

आईला दार कळलं नाही, पण आपली लेक मतिमंद नाही हे शाळेला दाखवायचं, एवढं तिच्या मनाने घेतलं. एकदा मुलगी बापाला पुस्तकातला धडा वाचून दाखवत होती, कोल्ह्याचा वेगळा आवाज, कावळ्याचा वेगळा. आईने दाराआडून फोनवर ते सगळं रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंकडे पाठवून दिलं.

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी ते भर वर्गात लावलं. "ऐका, कोण वाचतंय ते." त्यांचा हेतू चांगलाच होता. पोरांनी माना वळवल्या. कुणी कोल्ह्याची नक्कल केली, वर्ग खदखदून हसला. मुलगी बाकाखाली शिरली ती शाळा सुटेपर्यंत बाहेर आली नाही. आईला कामावरून बोलावून घ्यावं लागलं.

त्या दिवसापासून ती घरातही बोलेनाशी झाली.

आधी आईला वाटलं, रुसली आहे, उद्या कळी खुलेल. उद्या गेला, परवा गेला. मुलगी जेवायची, दप्तर भरायची, मान हलवून हो-नाही सांगायची. जे घर तिच्या बडबडीने भरून जायचं, तिथे नळाचं थेंब थेंब गळणंही ऐकू येऊ लागलं. आईने काय काय करून पाहिलं. मुद्दाम गोष्ट चुकीची सांगायची, पोर चूक सुधारेल म्हणून. पोर नुसती बघत राही. बाप तर त्याहून केविलवाणा. जन्मात कधी गप्पा न मारलेला तो माणूस शांतता सोसवेना म्हणून बोलायला लागला. आज कुठला रंग होता, झुल्याची दोरी कशी करकरत होती, मुकादमाची टोपी कशी उडाली. शब्द सापडेनासे झाले की तेच पुन्हा सांगायचा. त्याचं ते अडखळणं ऐकत आई भांडी घासत राही.

यंत्रापुढे उभी असताना तिच्या मनात एकच घोळत राही. जो आवाज होता, तोही आपणच घालवला. एकदा त्या तंद्रीत बोटं रुळाजवळ गेली. जोडीदारणीने मनगट धरून मागे ओढलं, म्हणून हात वाचला.

ती शाळेत गेली ती भांडायच्याच तयारीने. "मी तुम्हाला ऐकायला दिलं होतं, पोरांना नाही."

बाईंचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "चुकलंच माझं. पण रेकॉर्ड करताना तुम्ही तरी तिला विचारलं होतं का?"

आईने नकारार्थी मान हलवली. दोघी रिकाम्या वर्गात लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिल्या. "आता काय करायचं ते मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. तेवढं मात्र आईला बरं वाटलं. निदान कुणीतरी शहाणपण शिकवत नव्हतं.

इस्पितळात पहिल्या मजल्यावर एक छोटी खोली होती. अर्धांगवायूने वाचा गेलेल्यांना तिथे पुन्हा बोलायला शिकवत. आई जेवणाच्या सुट्टीत ओल्या एप्रनसकट वर गेली आणि तिथल्या ताईंच्या दारात उभी राहून सगळं भडाभडा ओकली.

ताईंनी पुरतं ऐकून घेतलं. "हा हट्ट नाही, भीती आहे. भीतीने गळा धरला की मारून किंवा गोंजारून तो सुटत नाही. आधी 'बोल' म्हणणं बंद करा. घरीही आणि शाळेतही. ती घरी बोलायला लागली की तिला घेऊन रिकाम्या वर्गात बसा. बाई बाहेर राहतील, मग हळूहळू आत येतील. हे एकट्या तुमच्याने व्हायचं नाही, एकट्या बाईंच्यानेही नाही."

"किती दिवस लागतील?"

"ते मी सांगितलं तर तुम्ही दिवस मोजत बसाल."

'बोल' न म्हणणं हेच सगळ्यात अवघड होतं. शब्द जिभेच्या टोकावर यायचा, आई तो गिळायची. तिने पोरीची माफी मागितली, तिच्यासमोर रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि पुढे तो विषय काढला नाही. बरेच आठवडे काहीच घडलं नाही. मग एका संध्याकाळी बाप हातपाय धूत असताना मागून आवाज आला, "बाबा, कानाला निळा रंग लागलाय."

बापाने मान वळवली नाही. "असू दे," तो म्हणाला, "उद्या दुसराही रंगवतो. जोडी होईल."

आई ओट्याशी तोंडावर हात दाबून उभी होती.

घरचं दार उघडलं, शाळेतलं अजून बाकी होतं. बाईंनी मुख्याध्यापिकांच्या मागे लागून शाळा भरण्याआधी वर्ग उघडून घेतला. जोडीदारणीने आईच्या पाळीचा सुरुवातीचा वेळ सांभाळला. मायलेकी फळ्यावर चित्रं काढत, कुजबुजत. बाई बंद दाराबाहेर व्हरांड्यात. मग दार किलकिलं. मग बाई आत, पण पाठमोऱ्या बसून, वह्या तपासत.

गाडी रुळावर येतेय असं वाटत होतं, आणि एके सकाळी मुख्याध्यापिका आत आल्या. "अरे वा, बोलते की," त्या कौतुकानेच म्हणाल्या. मुलीच्या हातातला खडू खाली पडला. पुढे कितीतरी दिवस ती वर्गाचा उंबरा ओलांडेना. इकडे धुलाईखान्याच्या पर्यवेक्षकाने आईला बजावलं, रोजचा उशीर चालणार नाही. त्या दिवशी व्हरांड्यात आई म्हणाली, "बाई, बघते वेगळी शाळा. माझ्यात आता त्राण नाही."

"तिथे पुन्हा सगळं नव्याने करावं लागेल," बाई म्हणाल्या. "इथे निदान आपण दोघी आहोत. उद्या या. परत बाहेरून सुरू करू."

आई गेली. मनात आशा होती म्हणून नव्हे, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

वर्ष संपता संपता मुलगी बाईंच्या कानात कुजबुजू लागली. एक मैत्रीणही झाली, तिच्याशी खिडकीपाशी दबक्या आवाजात बोलायची. तोंडी परीक्षा बाईंनी रिकाम्या वर्गात घेतली. आई मागच्या बाकावर होती. उत्तरं इतक्या बारीक आवाजात आली की बाईंना अगदी पुढे वाकावं लागलं, पण आली. मुख्याध्यापिकांनी नाक मुरडलं आणि चौथीत बसायला परवानगी दिली.

चौथीला दुसरे शिक्षक आले. पहिल्या दिवशी हजेरीला मुलीने नुसता हात वर केला. तिसरीच्या बाईंच्या फोनवरून आईला ते कळलं तेव्हा ती यंत्रापासून बाजूला झाली आणि चादरींच्या ढिगाला टेकून थोडा वेळ डोळे मिटून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आणि तिसरीच्या बाई मिळून नव्या गुरुजींना भेटायला गेल्या. मुलगी दोघींच्या मध्ये चालत होती.

"गुरुजींना काही सांगायचं नाही ना मला?" तिने आईला विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "आज आम्हीच बोलणार आहोत."