रस्त्याच्या मधला खिळा

महापालिकेच्या नगररचना विभागात त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ चढते आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला बांधलेलं लोखंडी वजन सोडतात, तो ओळंबा. हे नाव एका बिल्डरने रागाच्या भरात ठेवलं होतं. इमारतीची रेषा अर्धा फूट पुढे घ्या म्हणून तो बिल्डर तीन दिवस याच्या मागे लागला आणि चौथ्या दिवशी वैतागून म्हणाला की हा माणूस नाहीच, ओळंबा आहे. शिवीसारखं दिलेलं हे नाव याने पदवीसारखं मिरवलं. घरी सांगितलं, शेजारी सांगितलं, लेकीचं लग्न ठरवताना व्याह्यांनाही सांगितलं. माणूस सरळ होता यात शंका नाही. फक्त आपण सरळ आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

कामाने तो मोजणीदार. शहर चहूबाजूंनी सुटलं होतं. कालपर्यंत जिथे गवत होतं तिथे आज बारा मजले उभे राहत होते आणि त्या बारा मजल्यांतली माणसं रोज सकाळी जुन्या शहराच्या अरुंद रस्त्यांवर येऊन अडकत होती. त्यामुळे महापालिकेने नवा विकास आराखडा केला. आराखड्यात साहेब लोक कागदावर जाड रेघ ओढतात, पण ती रेघ कुणाच्या ओट्यावरून जाते आणि कुणाच्या न्हाणीघरातून, हे जागेवर जाऊन ओळंबाच सांगायचा. टेप, लाल रंगाचा डबा आणि मोजणीवही एवढा त्याचा संसार. या कामावर त्याचं मनापासून प्रेम होतं. रविवारी बायकोबरोबर फिरायला निघाला तरी हा चाळीस फुटी, तो साठ फुटी असं चालायचं. बायको म्हणायची की लोक बायकोला बागेत नेतात आणि मला हे रुंदी दाखवायला आणतात.

रुंदीकरणाचा सगळा खेळ एका खिळ्यावर असतो. रस्त्याचा मध्य दोन्हीकडच्या भिंतींवरून ठरत नाही, कारण भिंती कुठे पुढे आलेल्या असतात, कुठे मागे राहिलेल्या. मध्यावर डांबरात एक जाड लोखंडी खिळा ठोकलेला असतो आणि दोन्ही बाजूंचं माप त्या खिळ्यापासून घेतात. रस्ता नव्याने झाला की खिळा गाडला जातो. मग वहीत लिहून ठेवलेल्या दोन पक्क्या खुणांपासून मोजून नवा खिळा ठोकायचा. एका खुणेवरून ठोकायचा, दुसरीवरून तपासायचा. ओळंबा नव्या लोकांना हे शिकवायचा तेव्हा दोन बोटं वर धरायचा.

तर नव्या आराखड्यात ज्या रस्त्याला साठ फूट लागले, त्याच रस्त्यावर त्याच्या लेकीचं सासर होतं. व्याही चष्मेवाले. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. दुकान रुंदीला बेताचं, पण लांबीला बावीस फूट, आणि त्या लांबीवरच त्यांचं पोट होतं. डोळे तपासायला खुर्ची आणि अक्षरांचा तक्ता यांच्यात वीस फूट लागतात. आरशाची युक्ती करता येते, पण चष्मेवाल्यांचा आरशावर विश्वास नव्हता. आरशात पाहून नंबर काढलेला माणूस जिन्यावर पडतो, असं ते ठासून सांगायचे.

विभागाच्या इंजिनिअरबाईंनी विचारलं की तुमच्या नात्यातलं घर आहे, दुसऱ्याला पाठवू का. ओळंबा म्हणाला की माझ्या टेपला नातंगोतं कळत नाही. गेला, खिळ्यापासून तीस फूट मोजले आणि व्याह्यांच्या दुकानात साडेचार फूट आत, बाजूच्या भिंतीवर आपल्या हाताने लाल रेघ मारली. समोर लाँड्री होती. तिथे रेघ भिंतीच्याही बाहेर पडली. लाँड्रीवाल्याचा केससुद्धा वाकडा होणार नव्हता. चष्मेवाल्यांनी रेघेकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं, आणि पुन्हा हातातली काच पुसायला घेतली. विहीणबाईंनी नेहमीसारखा चहा आणून दिला. भांडले असते तर बरं झालं असतं, असं ओळंब्याला तो चहा पिताना वाटलं.

लेक त्याला पोचवायला दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, एकदा पुन्हा मोजा ना."

ओळंबा भडकला. लेक आहेस म्हणून फूट लहान होत नाहीत, असं तिला सुनावून तो तडक निघाला. पण तिचा चेहरा काही डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी त्याने रेकॉर्डच्या खोलीतून त्या रस्त्याची जुनी मोजणीवही काढली. तिला दाखवावी, म्हणजे पोरीची खात्री पटेल, एवढाच विचार होता.

वहीत त्याचंच अक्षर होतं, चोवीस वर्षांपूर्वीचं. रस्ता नवा झाला होता आणि खिळा त्यानेच ठोकला होता. पहिली खूण विजेचा खांब, दुसरी शाळेच्या दगडी जोत्याचा कोपरा. दोन्ही मापं लिहिलेली, खाली सही. पण दुसरं माप आधीच्या पानावरच्या, जुन्या खिळ्याच्या मापाशी तंतोतंत जुळत होतं. इतकं कधीच जुळत नाही. टेप एवढातेवढा खेळतोच. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? ते माप घेतलेलंच नव्हतं, उतरवलेलं होतं.

मग त्याला आठवलं. त्या महिन्यात तो रोज काहीतरी निमित्त काढून लवकर घरी पळायचा, कारण घरी आठ दिवसांची लेक होती. वहीत तिच्या चेहऱ्याशिवाय त्याला दुसरं काही दिसत नसेल तेव्हा.

दुपारच्या सुट्टीत तो एकटाच टेप घेऊन शाळेच्या कोपऱ्यापाशी गेला. खिळा तीन फूट चष्मेवाल्यांकडे सरकलेला निघाला. चौकशी केल्यावर कळलं की तेव्हा रस्ता नवा होण्याआधी नाली खणताना वीजवाल्यांनी खांब तीन फूट हलवला होता आणि नेहमीप्रमाणे कुणाला सांगितलं नव्हतं. ओळंब्याने त्या हललेल्या खांबावरून खिळा ठोकला होता. पुढे चोवीस वर्षं त्या रस्त्याच्या वाट्याला नुसती ठिगळं आली, त्यामुळे खिळा होता तिथेच राहिला. खरा मध्य धरला तर दोन्हीकडचं दीड-दीड फूट जाणार होतं. चष्मेवाल्यांचे वीस फूट वाचत होते. लाँड्रीवाल्याचं इस्त्रीचं टेबल मात्र आत सरकवावं लागणार होतं.

दुसरा कुणी असता तर आनंदाने नाचला असता. ओळंबा मात्र घामाघूम झाला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि आता हा जाऊन सांगणार की माझी चूक झाली आणि त्या चुकीचा फायदा नेमका माझ्या व्याह्यांना आहे. शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं. आठ दिवस त्याने ही गोष्ट पोटात ठेवली. जेवण जाईना. शेवटी बायकोने कारण काढून घेतलंच. त्याने सगळं सांगितलं आणि वर म्हणाला की गप्प राहिलेलंच बरं, निदान कुणी बोट तरी दाखवणार नाही.

बायको भाजी निवडत होती. तिने हात थांबवला. "इतकी वर्षं लोक तुम्हाला सरळ म्हणाले, तुम्हाला गोड वाटलं. आता ते नाव टिकवायला व्याह्यांचं दुकान पाडणार? याला सरळ म्हणतात होय?"

ओळंब्याला लाज वाटली, आणि चुकीची वाटली त्याहून जास्त त्या आठ दिवसांची वाटली.

सकाळी त्याने इंजिनिअरबाईंच्या टेबलावर लेखी कबुली ठेवली. बाईंनी ती दोनदा वाचली. म्हणाल्या की हरकती घेण्याची मुदत अजून आहे, फेरमोजणी करता येईल, पण सगळ्या रस्त्यासमोर, आणि टेप तुमच्या हातात नसेल. काय झालं ते तुम्ही उभं राहून सांगायचं. ओळंबा म्हणाला की बरोबर आहे.

फेरमोजणीच्या दिवशी अख्खा रस्ता जमला. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच ओळंबा रस्त्यात रिकाम्या हातांनी उभा होता आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. त्याने सांगितलं. खिळा मी ठोकला, दुसऱ्या खुणेवरून तपासला नाही, आणि तपासला असं लिहून सही केली. घरी तान्ही मुलगी होती, तिच्याकडे जायची घाई होती. ती मुलगी आता समोरच्या उंबऱ्यावर डोळे पुसत उभी होती.

लाँड्रीवाला उंचापुरा, सडेतोड माणूस. तो पुढे आला. "म्हणजे तुमच्या लेकीच्या सासरासाठी माझं टेबल जाणार. असंच ना?"

"तुम्हाला तसं वाटणारच," ओळंबा म्हणाला. "म्हणून टेप तुम्हीच धरा. आकडाही तुम्हीच वाचा."

लाँड्रीवाल्याला वाटलं नव्हतं की हा असं काही म्हणेल. त्याने इंजिनिअरबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. मग त्याने शाळेच्या कोपऱ्यावर टेपचं एक टोक बाईंच्या माणसाला धरायला लावलं आणि स्वतः खिळ्यापर्यंत गेला. आकडा पाहिला, टेप सोडला, पुन्हा ताणून पाहिला. तिसऱ्यांदा चष्मेवाल्यांना बोलावून त्यांच्याकडून वाचून घेतला, का तर त्यांचा डोळ्यांचा धंदा आहे. लोक हसले. चष्मेवाले हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आकडा वाचला. वहीतल्या मापाशी तीन फुटांचा फरक निघाला. लाँड्रीवाला वळून आपल्या दाराकडे बघू लागला. टेबल दीड फूट आत नेलं तर कपड्यांचं कपाट कुठे जाईल, याचा त्याच्या डोक्यात हिशेब चालला असावा.

इंजिनिअरबाईंनी दोन्हीकडची लाल रेघ बदलायला सांगितली. ओळंब्याची चौकशी होईल, सेवापुस्तकात शेरा बसेल, हेही सगळ्यांसमोर सांगितलं. आता नवा खिळा ठोकायचा राहिला होता. बाईंच्या माणसाने हातोडा उचलला, तेवढ्यात लाँड्रीवाल्याने तो त्याच्या हातातून घेतला आणि ओळंब्यासमोर धरला.

"तुम्हीच ठोका," तो म्हणाला. "दोन्हीकडून मोजून."

ओळंब्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी टेप त्याच्या हातात दिला. त्याने शाळेच्या जोत्यापासून मोजलं, मग हललेल्या खांबाऐवजी, जुन्या नकाशात नोंद असलेल्या पाण्याच्या टाकीच्या पायापासून मोजलं. दोन्हींत पाव इंचाचा फरक आला, तसा यायलाच हवा होता. त्याने तो फरकही वहीत लिहिला. ऊन चढलं होतं, दुकानं उघडायची खोळंबली होती, दोन रिक्षा अडकून पडल्या होत्या. तो गुडघ्यांवर बसून खिळा ठोकेपर्यंत कुणीही जागचं हललं नाही.