बांधकोर

मी छत्तीस वर्षांचा आहे आणि दर रविवारी राक्षस मारतो.

लोणावळ्यात आम्ही चार मित्र टेबलाभोवती बसून, फासे टाकून काल्पनिक लढाया खेळतो. (चौघांचीही लग्नं झाली आहेत. ती टिकून आहेत, हीच खरी जादू!) खेळाच्या पुस्तकातल्या तयार शक्ती मला मिळमिळीत वाटायला लागल्या, म्हणून मी स्वतःची अस्सल मावळी शक्ती तयार केली : बांधकोर! शत्रूवर वार करायचाच नाही. दर डावाला पटावरचा त्याचा एकेक चौकोन गुपचूप आपल्यात ओढायचा. काय ती माझी प्रतिभा!

त्याच सुमारास तिकोणा पेठेजवळच्या आमच्या रानात आम्ही पर्यटकांसाठी तंबू टाकले होते. तिथवर गाड्या न्यायच्या तर वाट आमच्या चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या भातखाचरातूनच. बायकोनं पुरणपोळ्यांचे डबेच्या डबे पोचवले, तेव्हा कुठे आबा "घे बाबा रस्ता" म्हणाले. शनिवारी जेसीबी यायचा होता.

आणि आमच्या रानात मोबाईलला रेंज येते ती फक्त बांधावर! तिथं उभा राहून मी मित्राला फोनवर ओरडून बांधकोरचे नियम समजावत होतो.

"म्हातारा झोपलेला असतानाच कोरायला घ्यायचं! त्याला कळेपर्यंत निम्मं रान आपलं!"

(म्हातारा म्हणजे राक्षसांचा म्हातारा जादूगार. हे मी तेव्हाच तेवढ्याच मोठ्यानं सांगायला हवं होतं.)

बांधापलीकडे वाकलेले आबा उठून उभे राहिले. हातात फावडं.

"कुनाचं रान रं?"

"आबा, खेळातलं! राक्षसाबद्दल बोलत होतो!"

"म्हंजी मी राक्षस?"

पुरावा म्हणून मी खिशातला वीस बाजूंचा फासा दाखवला. आबांनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"लय बाजू हायेत. तुझ्यावानीच."

बायको धावत आली. "आबा, ह्यांना काही कळत नाही हो!" (बचाव उत्तम होता, पण तिनं तो इतक्या मनापासून करायला नको होता.)

"कळत न्हाई कसं? समदं ठरवून चाललंय! तू जेसीबी आनतोस व्हय? मी मोजनी आनतो!"

मोजणी झाली. आमचाच बांध आबांच्या खाचरात हातभर शिरलेला निघाला. (आमच्या वडिलांना ही शक्ती आधीपासूनच येत होती तर!) रस्ता गेला, हातभर रान गेलं, पुरणपोळ्या तर केव्हाच पचल्या होत्या. मला रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

परवा पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन चिखल तुडवत बांधावर पोचलो, तोच मित्राचा फोन आला. सगळ्यांनी बांधकोर खेळून पाहिली होती.

"अरे, फारच दुबळी शक्ती आहे तुझी. शत्रूचं काहीच जात नाही!"

"बरोबर आहे," मी म्हणालो, "शत्रूचं नाही जात."